शेषरावकाकांची उमेदवारी

हे मी घरातही कधी बोललो नाही. फुललेल्या तुरीवरून येणारा पिवळा उजेड पांढऱ्या सदऱ्यावर झेलत, केनवडच्या गल्ल्यांतून हात जोडून फिरणाऱ्या शेषरावकाकांना निवडणुकीला मीच उभे केले होते. आणि तेही पडण्यासाठी.

त्यांचा आवाज विहिरीच्या तळच्या पाण्यासारखा, गार आणि संथ. जयंतीला विहारासमोर तो गाण्यात उतरला की अबोला धरलेले सख्खे भाऊही एका सतरंजीवर येऊन बसत. आमच्या भागाचे पुढारी दादासाहेब यांना धास्ती होती ती अशाच एकोप्याची. तीन पिढ्यांची सत्ता त्यांनी उपकारांवर जोपासलेली: कुणाची बदली, कुणाला दवाखान्यात खाट, मला त्यांच्या शाळेत नोकरी. पक्ष फुटले तसे त्यांचे घरही सोयीने फुटले. थोरला जुन्या पक्षात, धाकटा नव्यात, सून तिसऱ्यात, आणि जेवायला सगळे एकाच पंगतीत. यंदा मात्र विहाराभोवतीची वस्ती एका तरुण वकीलबाईंमागे एकवटत होती. ती मते फोडायला वस्तीतलाच, निर्मळ माणूस हवा होता, आणि तो गाठायचे काम दादासाहेबांनी माझ्यावर सोपवले.

"मास्तर, दादासायेब मले खरंच पाठिंबा देऊन राह्यले काय?" काकांनी विचारले.

"तुमी फारम तं भरा, काका."

मास्तर खोटे बोलणार नाही, एवढ्यावर ते निघाले. प्रत्येक उंबऱ्याशी, अगदी पुतण्याच्याही, चपला काढून उभे राहत. जणू मत ही मागायची नव्हे, वंदायची वस्तू होती.

वकीलबाई थोडक्यात पडल्या. दादासाहेबांची सून निवडून आली. जवळच्याच मालेगावच्या स्टँडवर आम्ही चहा घेत असताना काकांचा चुलतभाऊच ओरडला, "काहून शेषराव, पुरं खोकं भेटलं का अर्धंच?" हशा पिकला. काकांनी माझ्याकडे पाहिले. माझा एक शब्द पुरला असता. मी बशीत चहा ओतत राहिलो.

पुढच्या जयंतीला त्यांना कुणी गायला बोलावले नाही. पळस पेटला होता त्या दिवसांत ते गेले. अंत्ययात्रेत माणसे मोजकीच होती.

माणूस गेल्यावर गाव त्याचा चेहरा विसरते, त्याच्यावरचा आळ मात्र जपून ठेवते. काळ काही धुऊन काढत नाही. तो फक्त साक्षीदार कमी करत जातो. आता मी एकटाच उरलो आहे. शेषरावकाका विकले गेले नव्हते, मी त्यांना फसवले, हे भर दिवसा विहारासमोर उभे राहून त्यांच्या माणसांना सांगणे माझ्याकडे अजून बाकी आहे.