उत्तम शुक्रवारची शेगडी

“तिच्यासमोर बसा. तिच्या ताटात जे असेल, तेच तुमच्या ताटात घ्या. तिचं संपेपर्यंत उठू नका, आणि उठल्यावर तासभर तिला नजरेआड होऊ देऊ नका.” दवाखान्यात, जेवण टाकणाऱ्या मुलींच्या पालकांच्या बैठकीत, समुपदेशक औराबाई हे इतकं सावकाश सांगायच्या, जसं लहान मुलांना क्रूसाची खूण शिकवावी.

नायिबे, माझी सतरा वर्षांची लेक. तिला घरी आणताना गाडीत मी विचारलं, “माझ्याकडून काय हवंय तुला?”

“मला एकटीला खायला लावू नकोस,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

मी कबूल केलं. नाकातली नळी नुकतीच निघाली होती, चिकटपट्टीचा लाल चट्टा अजून गालावर होता. डॉक्टरांनी बजावलं होतं: हृदय थकलंय, एकही खाणं चुकवायचं नाही.

मग ईस्टरआधीचा पवित्र आठवडा आला.

इथे कोलंबियात, पोपायानच्या आमच्या घरात, उत्तम शुक्रवारी, येशूच्या मरणाच्या दिवशी, शेगडी पेटत नाही. सुरीला हात लावत नाहीत, केर काढत नाहीत. दुपारी तीनपर्यंत फक्त पाणी. लहानपणी पहिलं कम्युनियन झालं तेव्हापासून मी हा उपास धरत आलेय. नायिबे अंगावर पीत होती त्या वर्षीही सोडला नव्हता. आजाऱ्याला उपास नाही, असं फादरांनी सांगितलं होतं. पण मी कुठे आजारी होते?

नायिबे आठवडाभर खुशीत होती. काळ्या झग्याला इस्त्री केली, सासूबाईंसोबत रोझरीची माळ जपली. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, “बघा, दुखण्यानं पोर देवाकडे वळली.” मला त्या खुशीची भीती वाटत होती. वर्षातून हा एकच दिवस असा, की सगळं घर तिच्यासारखं उपाशी राहणार होतं.

शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरात गेले, तर नायिबे आणि सासूबाई आधीच बसलेल्या.

“आई, आज तुला सुट्टी,” नायिबे म्हणाली. “तू तुझा उपास कर. गाडीत दिलेल्या शब्दातून आजच्यापुरतं सोडलं मी तुला. उद्या दुप्पट खाईन, देवाशपथ.”

इतक्या मायेनं ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. हो म्हणावंसं वाटलं. तिच्यासाठी वाटलंच, पण जास्त माझ्यासाठी.

मी काडी ओढून शेगडी पेटवली.

“अगं ए!” सासूबाई उठल्याच. “आज? माझ्या सासूच्या सासूनंसुद्धा नाही पेटवली!”

“ठाऊक आहे, सासूबाई.”

“पोर संत व्हायला निघालीय आणि तू तिला अंडी चारतेस! चार, आणि तूही गीळ!”

“मीही खाणारच आहे.”

दूध घालून चॉकलेट उकळलं. दोन ताटांत सारखंच वाढलं: अंडी, मक्याची भाकरी, चीज. नायिबेचा चेहरा पार पालटला.

“ढोंगी! रोज गुडघे टेकतेस ना? मग आज त्याच्यावरच थुंकलीस. माझ्या नावावर नको घालूस हे.”

“नाही घालणार. खा, बाळा.”

पहिला घास मी घेतला. अंडं तोंडात फिरत राहिलं, खाली उतरेना. मनात क्षमा मागितली आणि चावत राहिले. सासूबाईंनी काळी ओढणी घेतली. “मी येईपर्यंत हा वास घालव,” म्हणून त्या एकट्याच देवळात गेल्या.

नायिबे रडत खात होती. चीजचा तुकडा तिनं बाहीत सरकवला. मी नुसता हात पुढे केला. बऱ्याच वेळानं तिनं तो माझ्या तळव्यावर आपटला. मी तो तिच्या ताटात ठेवला. शेवटी तिनं तो गिळला.

मग आम्ही तासभर अंगणात बसलो. त्या दिवशी घंटा वाजत नाहीत. त्यांच्याऐवजी देवळाकडून लाकडी खुळखुळ्यांचा खडखडाट येत होता. उठताना ती म्हणाली, “दवाखान्यातच मेले असते तर बरं होतं. तुझा उपास तरी मोडला नसता.”

तिनं खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दहाच्या खाण्याची वेळ झाली. अंगणातून हाक मारली, “नायिबे!” दार उघडलं नाही. पुन्हा मारली.

दोन पेले दूध गरम केलं, दोन केळी घेतली, दोन बशा मांडल्या. तबक उचललं आणि अंगण ओलांडून तिच्या दाराकडे निघाले.