सांगून टाकलेलं उत्तर

बाईंनी फळ्यावर तिसरा शब्द लिहिला आणि खडू ठेवून त्या खुर्चीला टेकल्या. गुडघे सकाळपासून कुरकुरत होते.

आक्वोसुस, लापिदोसुस, वेन्तोसुस. लॅटिनमध्ये आक्वा म्हणजे पाणी, लापिस म्हणजे दगड, वेन्तुस म्हणजे वारा, एवढं मुलांना ठाऊक होतं. प्रत्येक शब्दाखाली बाईंनी चित्र काढलं होतं: दलदल, खडकाळ माळ, वाऱ्याने वाकलेलं झाड. शब्दाला ‘ओसुस’चं शेपूट लागलं की काय होतं, ते मुलांनी शोधायचं. बाई कधीच सांगत नसत. मागे एका शेपटापायी अख्खा आठवडा गेला होता, तरी त्या ढिम्म बसून राहिल्या होत्या.

आज मात्र शेवटच्या बाकावर तपासनीस होते. लॅटिनचा वर्ग पुढच्या वर्षी ठेवायचा की गुंडाळायचा, ते त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं.

“कोण सांगतंय?”

“बाई, मुंगीच्या डोक्यात काहीतरी शिजतंय,” मागून एकजण म्हणाला. “सुट्टीपर्यंत होईल तयार.”

“शिजू दे,” बाई म्हणाल्या. “तुझी तर चूलच पेटलेली नाही.”

वर्ग हसला. मुंगी हसली नाही. हळू लिहिते, हळू बोलते, म्हणून पोरांनी तिला ते नाव पाडलं होतं. तिचं बोट हवेतच दलदलीवरून माळावर, माळावरून झाडावर फिरत होतं. ओठ हलू लागले होते.

तपासनिसांनी घड्याळ पाहिलं. पेनाचं टोपण काढलं.

“भरलेला,” बाई म्हणाल्या. “ओसुस म्हणजे कशाने तरी भरलेला. पाण्याने, दगडांनी, वाऱ्याने.”

मुंगीचं बोट थांबलं.

मग वर्ग सुसाट सुटला. धूळ, काटे, राग, मिळेल त्या शब्दाला पोरं शेपूट लावू लागली. निघताना तपासनीस दाराशी थांबले.

“वर्ग चालू राहील, बाई. मुलं तरतरीत आहेत.”

“आभारी आहे,” बाई म्हणाल्या. सुटकेचा श्वास घ्यायला गेल्या, तर जांभईच आली.

त्यांनी फळा पुसला. नवं शेपूट घेतलं, ‘बिलिस’. आमो म्हणजे प्रेम करणं, क्रेदो म्हणजे विश्वास ठेवणं; त्यांवरून आमाबिलिस, क्रेदिबिलिस. दोन्हींखाली सावकाश चित्रं काढली आणि त्या वळल्या.

फळ्याकडे कुणीच बघत नव्हतं. पेनं उघडून सगळी मुलं बाईंच्या तोंडाकडे बघत होती. मुंगीसुद्धा.