वडनेरच्या बरडावरची शार्डोने

वासुदेवराव फ्रान्समधल्या बरगंडी भागात एका शेतकऱ्याकडे दोन वर्षं राबले आणि १९७९ साली वडनेरला परतले, ते शार्डोने नावाच्या द्राक्षाच्या काड्या घेऊनच. गावाबाहेरच्या अर्ध्या एकर मुरमाड बरडावर त्यांनी त्या लावल्या. फक्त त्याच तुकड्यातल्या द्राक्षांची वाइन करायची, ओक लाकडाच्या पिंपात तळाचा गाळ काठीनं हलवत मुरवायची, हा एकच ध्यास. वडनेर वर्धा जिल्ह्यातलं, आणि जिल्ह्यात दारूबंदी होती. वाइन म्हणजे काही दारू नव्हे, असं ते स्वतःला समजावत.

१९८३ च्या फाल्गुनात तोडणीला धुरपता होती. गावकुसाबाहेर राहणारी ही गोंड विधवा. तीन वर्षांपूर्वी तिच्या झोपडीत मोहाची दारू सापडली, तेव्हा पोलिसांच्या पंचनाम्यावर पंच म्हणून सही वासुदेवरावांनीच केली होती. ती चार महिने तुरुंगात होती. तेवढ्या काळात दिरानं तिच्या मुलीचं लग्न परस्पर उरकून टाकलं.

आषाढात वासुदेवरावांच्या घरी कोठीची खोली झाडताना तिला पिंप दिसलं. वास आला.

"हे काय होय?" तिनं दारात आलेल्या वासुदेवरावांना विचारलं.

"द्राक्षाचा रस. मुरत ठेवला आहे."

"मोहाचाही रसच असते. मंग माह्या कागदावर सही काऊन केली?"

"तुझी हातभट्टी आन् हे सारखं आहे का? तिकडं हे जेवणासोबत घेतात."

"आमीबी देवापुढं घेतो."

वासुदेवराव चिडले. पेला भरून त्यांनी तिच्या हातात दिला. "चाखून पाह्य. फरक समजल."

तिनं घोट घेतला. आधी आंबट, मग लोण्यासारखं मऊ काहीतरी जिभेवर राहिलं. चांगलं होतं, आणि म्हणूनच तिचा संताप वाढला.

"चढते का?"

"थोडी."

उरलेलं तिनं त्यांच्या पायाशी ओतलं.

ती तक्रार द्यायला ठाण्यात गेली, तर जमादार हसला आणि त्यानं तिला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी तोडणीला येणाऱ्या बारा बायका घेऊन ती वासुदेवरावांच्या फाटकात बसली.

"उद्यापासून माझ्या वावरात कोणी पाय ठेवायचा नाई," ते ओरडले.

"नाई ठेवत," धुरपता म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ठाणेदाराला यावंच लागलं. पोलिसांनी पिंप अंगणात आडवं करून सगळं ओतून दिलं. एक बाटली तरी राहू द्या, असं वासुदेवराव म्हणाले. कोणी ऐकलं नाही. कोर्टानं त्यांना दंड करून सोडलं. एक दिवसही तुरुंग नाही, हे कळल्यावर धुरपता त्यांच्या फाटकासमोर थुंकून गेली.

पुढच्या फाल्गुनात तोडणीला एकही बाई आली नाही. वासुदेवराव एकटेच घड कापत होते. पोपटांनी अर्धा मळा फस्त केला होता. दुपारी कात्रीनं बोट कापलं. धुऱ्याच्या बांधापलीकडं दुसऱ्याच्या वावरात धुरपता गहू सोंगत होती.

"धुरपता, पाणी देजो जरा," त्यांनी हाक मारली.

तिनं ऐकलं. मडकं तिच्या बाजूलाच होतं. मान न उचलता तिनं पुढची मूठ विळ्याखाली घेतली.