मैत्रीचे गोळे आणि रंगरावांची भट्टी

बुधवारी सकाळी खाटकाने दुकानाचं शटर वर सरकवलं, तेव्हा चंद्रभागाबाई पिशवी घेऊन बाहेर उभ्याच होत्या.

"मटणाचा खिमा दे. आणि बाबा, मशीनमधून दोनदा काढ. स्वीडनचा पदार्थ आहे, जाडाभरडा चालायचा नाही."

"कुठला?"

"स्वीडनचा. तू काढ."

त्या दिवशी चंद्रभागाबाईंच्या पायाला चाकं लागली होती. बिबवेवाडीतल्या आपल्या इमारतीचा जिना चढताना त्यांनी दोन शेजारणींना थांबवून हीच बातमी दिली. तिसरी भेटली असती तर तिलाही दिली असती.

कारणही तसंच होतं. त्यांचा मुलगा संजय, सून पूर्णिमा आणि नात मैत्री कितीतरी वर्षं स्वीडनला राहून यंदाच पुण्याला परतले होते. मैत्रीला कळायला लागलं तेव्हापासून तिने तोच देश पाहिलेला. आजीचा हात पडला नागपूरकडचा. तिचा रस्सा खाऊन सख्खे व्याही डोळे पुसत उठलेले. पोरगी पहिल्या घासालाच "तिखट!" म्हणून ताट सरकवायची आणि दूध-पोळीवर दिवस काढायची. संध्याकाळ झाली की गॅलरीत उभी राहून विचारायची, "आपण परत कधी जायचं?"

आणि सोमवारी चहा घेताना पूर्णिमा संजयला म्हणालेलं चंद्रभागाबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, "ती रुजतच नाहीये रे इथे. कंपनी परत पाठवायला तयार आहे. रविवारी एकदाचं काय ते ठरवू."

चंद्रभागाबाई रडत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी सरळ मैत्रीलाच गाठलं. "तुला तिथलं काय आवडतं ते सांग. मी करते."

पोरीचे डोळे असे उजळले की ज्याचं नाव ते! तिने एका दमात सांगितलं: शाळेत मिळायचे ते खिम्याचे गोळे, ओव्हनमध्ये भाजलेले, वरून तपकिरी सायीचा रस्सा, शेजारी कुस्करलेला बटाटा आणि लाल आंबटगोड जॅम. संजय म्हणाला, "आई, अगदी सोपं आहे. तळायची भानगड नाही. आम्ही ऑफिसमधून येऊन करायचो तिथे." कृती त्याने फोनवर पाठवली. मैत्रीने ती वाचायची आणि आजीने करायची, असं ठरलं.

मैत्री शाळेतून आली आणि दप्तर टाकून थेट ओट्यापाशी उभी राहिली. दुधात पाव भिजवला. कांदा इतका बारीक चिरला की दिसू नये. खिम्यात अंडं, मीठ, मिरपूड.

"आता जायफळ," मैत्रीने वाचलं.

"मटणात जायफळ?" दारातून संभाजीरावांचा आवाज आला. चंद्रभागाबाईंचे यजमान कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघराच्या दारातच नोकरीला होते. "श्रीखंड करताय की काय? जेवून सगळे पाटावरच झोपतील."

"अहो, तुम्ही पेपर वाचा."

चंद्रभागाबाईंचा हात बोलता बोलता सवयीने मिसळणाच्या डब्याकडे गेला. चमचा तिखटात बुडणार, तोच मैत्री किंचाळली, "आजी! हात वर!"

आजीने खरोखरच दोन्ही हात वर केले. मग दोघींना हसू आवरेना. पुढे मैत्रीने मिसळणाचा डबा उचलून आजोबांच्या मांडीवर नेऊन ठेवला. "आजोबा, हा सांभाळा. तिने मागितला तरी द्यायचा नाही."

गोळे वळायला सुरुवात झाली. चंद्रभागाबाई बुंदीच्या लाडवासारखे घट्ट दाबायला लागल्या. "हळू, हळू," मैत्री म्हणाली, "मऊ राहिले पाहिजेत." नातीचे गोळे वाकडेतिकडे, आजीचे एका मापाचे. नानकटाईच्या पत्र्यावर ते रांगेत बसले, तेव्हा दोघी कमरेवर हात ठेवून बघतच राहिल्या.

"आता ओव्हन आधी तापवून ठेवायचा," मैत्रीने वाचलं.

ओव्हन होता. संजयच्या लग्नात आहेरात आलेला. ओट्याच्या कोपऱ्यात, अंगावर विणलेला रुमाल आणि डोक्यावर फुलदाणी घेऊन वर्षानुवर्षं बसून होता. चंद्रभागाबाईंनी फुलदाणी काढली, रुमाल काढला, बटण फिरवलं. दार उघडून आत बघितलं नाही. गॅसवर तवा तापत ठेवताना कोणी तव्यात डोकावतं का?

आत तांबडा उजेड पडला. मैत्रीने टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळाने घरात एक चमत्कारिक वास सुटला.

"स्वीडनला असाच वास येतो का गं?" आजीने विचारलं.

"नाही," मैत्री नाक दाबत म्हणाली.

बाहेरून संभाजीराव धावत आले. त्यांचा चेहरा पडलेला होता. "बंद कर! अगं बंद कर ते!"

बटण बंद केलं, प्लग काढला, दार उघडलं. काळ्या धुराचा लोट बाहेर आला. आत प्लास्टिकचा एक डबा वितळून जाळीवर, कांड्यांवर सगळीकडे ओघळला होता, आणि त्यात अडकलेली लसूण शेव कोळशासारखी दिसत होती.

चंद्रभागाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. डॉक्टरने शेव-फरसाण बंद केल्याला दोन पावसाळे झाले होते.

"या घरात ओव्हन कोणी उघडत नाही," संभाजीराव जमिनीकडे बघत पुटपुटले, "म्हटलं जागा सुरक्षित आहे."

दुसरा दिवस असता तर त्यांची चांगलीच हजेरी घेतली गेली असती. आज वेळ नव्हता. मैत्री पत्र्यावरच्या गोळ्यांकडे बघत उभी होती आणि तिचा खालचा ओठ बाहेर आला होता. "राहू दे आजी," ती हळूच म्हणाली. "मी दूध-पोळी खाते."

ते ऐकलं आणि चंद्रभागाबाईंच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. "राहू कसं दे? चप्पल घाल!"

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या नानकटाई भाजून आणायला ज्या बेकरीत जात, ती रंगरावांची बेकरी दोन गल्ल्या पलीकडे होती. तिथे घरोघरचे पत्रे यायचे. अदलाबदल होऊ नये म्हणून संभाजीरावांनी त्यांच्या पत्र्याच्या कोपऱ्याला खिळ्याने भोक पाडून दिलेलं. तोच पत्रा फडक्याने झाकून आजी पुढे आणि नात मागे, अशा दोघी निघाल्या. रिक्षा, भाजीच्या गाड्या, क्लासला निघालेली पोरं, सगळ्यांना "सरका, सरका" म्हणत मैत्रीच वाट काढत होती. थोड्या वेळाने ती पुढे आणि आजी मागे झाली.

रंगराव गल्ल्यावर बसले होते. गळ्यात तुळशीची माळ. पत्रा बघून म्हणाले, "मावशी, नानकटाई भलत्या महिन्यात?"

चंद्रभागाबाईंनी फडकं बाजूला केलं.

रंगरावांनी चष्मा वर केला, खाली केला. "मावशी, ही बेकरी आहे. खानावळ पुढच्या चौकात."

"अहो, नुसते भाजून द्या. पोर उपाशी आहे."

"पावाला वास लागला तर उद्या गिऱ्हाईक मला भाजतील."

"शेवटच्या घाणानंतर टाका. तोवर थांबतो आम्ही."

"माळ घातली आहे मी, मावशी. मटण आमच्या..."

ते पुढे बोलणार, एवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की मैत्री समोर नाही. ती आतल्या दारात उभी होती. कारागीर शंभू लांब दांड्याच्या फळीने भट्टीतून पावाच्या लाद्या बाहेर ओढत होता. लाकडाच्या निखाऱ्यांची धग सगळीकडे पसरली होती, आणि पोरीचं तोंड उघडं ते उघडंच.

"आजी!" ती ओरडली. "आत एक खोलीच आहे! पूर्ण खोली! आमच्या शाळेच्या किचनमध्ये पण एवढा मोठा ओव्हन नव्हता!"

"कुठली शाळा?" रंगरावांनी विचारलं.

"स्वीडनची."

रंगराव गल्ल्यावरून उठले. "शंभू, ऐकलंस का? स्वीडनला नाही आपल्याएवढी." मग घसा साफ करून चंद्रभागाबाईंना म्हणाले, "माळ मी घातली आहे, भट्टीने नाही. शेवटचा घाणा निघू दे. पत्रा तोंडाशीच ठेवायचा, आत नाही. मी हात लावणार नाही आणि चव विचारायची नाही."

शेवटच्या लाद्या निघाल्या. शंभूने पत्रा फळीवर घेतला आणि मैत्रीला म्हणाला, "ये, धर माझ्यासोबत." दोघांनी मिळून तो भट्टीच्या तोंडाशी सरकवला. लगेच चरचर सुरू झाली. फोनमधल्या कृतीत दिलेला वेळ इथे कामाचा नव्हता. ही धग निराळी. मैत्री भट्टीसमोर उकिडवी बसून राहिली. गोळ्यांना तांबूस रंग चढायला लागला तशी ओरडली, "आता! आता काढा, शंभूकाका!" माळकरी रंगराव मान दुसरीकडे करून उभे होते, पण नाक काही त्यांना वळवता आलं नाही.

दोघी घरी पोचल्या तोवर संजय आणि पूर्णिमा आले होते, आणि संभाजीराव प्रायश्चित्त म्हणून बटाटे कुस्करत होते. "हळद नाही, मोहरी नाही," ते कुरकुरले. "आजाऱ्याची भाजी." चंद्रभागाबाईंनी लोण्यावर मैदा परतला, पत्र्यातला रस खरवडून त्यात घातला, वरून साय. लाल जॅम बाजारात मिळाला नव्हता, म्हणून मे महिन्यातल्या करवंदाच्या मुरंब्याची बरणी उघडली.

पाच ताटं वाढली. कोणी मैत्रीकडे बघत नव्हतं, आणि सगळे तिच्याचकडे बघत होते. तिने गोळा मोडला, रश्शात बुडवला, तोंडात टाकला. चावला.

"तिथल्यासारखे नाहीत," ती म्हणाली.

चंद्रभागाबाईंच्या हातातला घास हातातच राहिला.

"धुराचा वास येतोय," मैत्री म्हणाली आणि दुसरा गोळा उचलला. "मस्त येतोय. आजी, अजून रस्सा."

मग कोणाला बोलायला फुरसत झाली नाही. मुरंबा दोनदा फिरला. बटाट्यावर सगळ्यांत जास्त हात संभाजीरावांनीच मारला. मैत्रीचं ताट रिकामं झालं, पुन्हा भरलं, पुन्हा रिकामं झालं. पूर्णिमाने मुलीकडे बघितलं आणि पाण्याचा ग्लास उगाचच तोंडाला लावला.

"शुक्रवारी दालचिनीचे बन भाजायला न्यायचे आहेत," मैत्री बोटं चाटत म्हणाली. "रंगरावकाकांनी जागा ठेवली आहे. बन चालतात त्यांना."

"हे कधी ठरलं?" पूर्णिमाने विचारलं.

"निघताना. उद्या गुरुवार, बेकरी बंद असते. तुला माहीत नाही का?"

संजयने बायकोकडे बघितलं. मग जरा जपून विचारलं, "आणि रविवारी गं?"

"रविवारी मला वेळ नाही. शंभूकाका खारी शिकवणार आहेत."

"म्हणजे रविवार भरला," संभाजीराव म्हणाले आणि ताट पुढे केलं. "वाढ गं, ती आजाऱ्याची भाजी उरली असेल तर."