वाळत आलेला चुना

जुनी पेठ पाडायची की ठेवायची, याची सुनावणी होती. अधिकाऱ्याने सभागृहातल्या मोठ्या चित्राकडे बोट दाखवलं. चित्र पेठेचंच होतं, चाळीस वर्षांपूर्वीचं.

"काळवंडलेल्या भिंती, विटा निखळलेल्या, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पेठ तेव्हाच मेली होती. आपण फक्त तिरडी उचलतोय."

मागच्या बाकावरून थापीमावशी उठली. उभा जन्म तिने गवंडीकाम केलं होतं, म्हणून हे नाव. सुनेने हात ओढला, "आई, बसा ना."

"बसूनच तर ही वेळ आली," म्हणत ती चित्रापाशी गेली आणि चष्मा पुसला.

"साहेब, हा डाग कडेला पांढरा, मध्ये काळपट. चुना असाच वाळतो, कडेकडून. सकाळी लावलेला दिसतोय. आणि विटा निखळल्या म्हणता, ती भोकं एका रांगेत कशी? परांचीच्या बांबूंची आहेत. काम चालू होतं."

"मग माणसं कुठायत?"

"सावल्या भिंतींच्या पायाशी आल्यात. भर दुपारी शहाणा माणूस सावलीत बसतो. उन्हात बसला तो चित्रकार."

लोक हसले. अधिकारी चिडला. "मावशी, थापा मारू नका."

"त्याच मारत आले, पण भिंतीवर. हा गिलावा कोणी केला, मला ठाऊक नाही. पण मरणाऱ्या घराला कोणी गिलावा करत नाही. चित्रावरून घरं पाडू नका. हातोडा घेऊन या, एकेक भिंत ठोकून बघा."

सुनावणीच्या अध्यक्षबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि तपासणीचा हुकूम दिला.

आठवडाभर इंजिनियर भिंती ठोकत फिरला. एक्केचाळीस घरांपैकी नऊ धोकादायक निघाली. बाकीची वाचली. नववी लाल फुली ज्या दारावर पडली, ते मावशीचं होतं.

सून रडवेली झाली. मावशीने मागच्या भिंतीवर कान ठेवून बोटाने टकटक केली. आवाज बद्द आला. इंजिनियर खोटं बोलत नव्हता.

"भिंत कुजलीय," ती म्हणाली. "घर नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी छताला टेकू लावून ती भिंत उतरवायला लागली. सून खाली विटा झेलत होती. इंजिनियर धावत आला.

"मावशी, परवानगी लागते."

"मग घेऊन ये," वरची वीट काढत ती म्हणाली. "तोवर निम्मी उतरेल."