दोन खुणा

अब्बा गेले त्या दिवशीच्या चौकोनातही दोन शब्द आहेत. शिडी, पांढरी कोंबडी.

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर तिथीचं कॅलेंडर असतं. मुसलमानाच्या घरात एकादशी-चतुर्थी कशाला, असं कॉलेजात असताना एका मैत्रिणीने हसत विचारलं होतं. माझे वडील तांडेल होते. मिरकरवाड्याच्या बंदरातून चाळीस वर्षं त्यांनी बोट चालवली, आणि अमावास्या-पुनवेचं उधाण ज्याला ठाऊक नाही त्याने बंदराबाहेर पडूच नये. पण त्या कॅलेंडरचा त्यांना आणखी एक उपयोग होता. रोज सकाळी चहा झाला की कानावरचं बॉलपेन काढून ते त्या तारखेच्या चौकोनात दोन शब्द लिहीत. रात्रीच्या स्वप्नातले दोन शब्द. काही चौकोनांत नुसती आडवी रेघ असे. रेघ म्हणजे स्वप्न वाईट होतं. वाईट स्वप्न कुणाला सांगू नये, असं आमच्यात मानतात. रिकामा चौकोन मात्र मी कधी पाहिला नाही. दोन-तीन रात्री समुद्रात काढून आले, तरी परतल्यावर मागचे चौकोन न अडखळता भरायचे.

लिहिण्याआधी ते स्वप्न अम्मीला सांगत. ज्याची आपल्यावर माया आहे त्यालाच स्वप्न सांगावं, हेही आमच्यातच मानतात. फजरची नमाज झालेली असे, चुलीजवळच्या दोन पाटांवर दोघं समोरासमोर बसत, मधे खारीची बशी. मी आणि माझा भाऊ अरशद अंथरुणात पडून ऐकायचो. अब्बा स्वप्न नेहमी शेवटाकडून सांगत. "शेवटी मी ओल्या कपड्यांत दारात उभा होतो," अशी सुरुवात. मग अम्मी विचारायची, "आणि त्याआधी?" त्याआधी नदी असे. त्याआधी कुणाचंतरी लग्न. त्याआधी लग्नाला घालायचा हरवलेला बूट. "आणि त्याआधी?" असं करत करत ते स्वप्नाच्या उगमापाशी जाऊन थांबत आणि बॉलपेन कानावरून काढत. कुठेही मीठमसाला नाही. आठवलं नाही तर "इथं धुकं आहे" म्हणत आणि पुढे जात.

मोहल्ल्यातल्या बायका कधीकधी त्यांना स्वप्नांचे अर्थ विचारायला येत. ते हात जोडत. "मला अर्थ येत नाय गो. मला फक्त परत जाता येतं."

फेब्रुवारीत, सकाळी साडेनऊच्या सुमारास, जेटीवर जाळ्याच्या ढिगाला टेकून बसले होते, ते तसेच गेले. त्यानंतरचे चौकोन रिकामे राहिले.

मी इथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. अम्मीची इद्दत सुरू झाली, म्हणजे चार महिने दहा दिवस ती घराबाहेर पडणार नव्हती आणि परक्या पुरुषासमोर येणार नव्हती, म्हणून मी माझं बिऱ्हाड उचलून तिच्याकडे राहायला आले. अरशद कुवेतहून फोन करायचा. पंधराव्या दिवशी म्हणाला, "अब्बा आले होते. जेवलास का विचारत होते." नंतर पुन्हा आले, त्याच्या खोलीतला कूलर दुरुस्त करून गेले. अम्मीला ते दर दोन दिवसांनी दिसत, पण ती काय दिसलं ते सांगत नसे.

माझ्याकडेही येत होते. ते मला नक्की माहीत होतं, कारण जाग येताना छातीत एक भरलेपण असायचं, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखं. डोळे उघडेपर्यंत सगळं ओसरलेलं. एवढी वर्षं मला कसली स्वप्नं पडतात याची मी पर्वा केली नव्हती. आता मात्र मला त्यातलं एक हवं होतं. जास्त नाही, एक. त्यांचा आवाज माझ्या कानातून हळूहळू उतरत चालला होता आणि तो दुसरीकडे कुठे साठवलेला नव्हता.

माझा स्वभाव वाचण्याचा. ग्रंथालयात झोपेवर चार पुस्तकं निघाली, दोन मी मागवली. सगळ्यांचा सल्ला साधारण एकच होता. झोप पुरेशी घ्यावी, गजर लावू नये, झोपताना मनाशी ठरवावं की स्वप्न आठवणार आहे, उशाशी वही ठेवावी आणि उठल्याबरोबर लिहावं. मी सगळं केलं. जाग आली की वहीवर झडप घालायचे. महिन्याभराने वही चाळली तेव्हा पानामागून पान एकच वाक्य होतं. 'अब्बा होते.' कुठे 'अब्बा होते, निळा शर्ट बहुतेक.' त्या 'बहुतेक'चीही खात्री नव्हती.

एकदा मी अम्मीला विचारलं, "ती शिडी आणि पांढरी कोंबडी काय होती? शेवटच्या दिवशीची?"

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ते मला सांगितलंय त्यांनी."

"मला सांग ना."

"तू होतीस काय चहाला?"

अब्बांच्या शेवटच्या वर्षात मी सकाळच्या चहाला एकदाही आले नव्हते. घर रिक्षाने दहा मिनिटांवर होतं.

मे महिन्यात एका दुपारी केरूकाका आले. अब्बांच्या बोटीवर पंचवीस वर्षं खलाशी, जातीने खारवी, आमच्या घरातलेच. त्यांनी पडवीत मासळीची पिशवी ठेवली आणि दाराच्या पडद्याकडे तोंड करून हाक मारली, "भाभी, गोबरा आणलाय."

पडद्यामागून अम्मी म्हणाली, "गोबरा आणलात की गोबऱ्याचा नातू? पिशवी तर हलकी वाजली."

"बघा. परदा असून पण दिसतं हिला. तांडेल उगाच नव्हता घाबरत." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझे डोळे काय असे गो, बाय? झोप नाय?"

"झोप आहे, पण पोरगी शिकतेय," अम्मी आतून म्हणाली. "वही घेऊन झोपते. परीक्षा असल्यासारखी."

मला राग आला. पण केरूकाका हसले नाहीत. "काय लिवलंस ते वाच," म्हणाले. मी वही आणून वाचली. वाचायला काही वेळ लागला नाही.

त्यांनी तंबाखूची डबी उघडली, पुन्हा बंद केली. "म्हंजे तू रोज एकच खूण घेतेस."

"म्हणजे?"

"खडपावर कधी आलीस तू आमच्याबरोबर? नाय. बरं, ऐक." त्यांनी पायरीवर बोटाने रेघ ओढली. "पाण्याखाली खडक हाय, तेच खडप. त्याच्यावर गोबरा, तांबोशी. वरून बघितलंस तर सगळं पाणी सारखं. मग जागा गावते कशी? आता पोरं मशीन बघतात. तांडेल किनाऱ्याकडं बघायचा. किल्ल्यावरचं दीपगृह धरायचा. पण एकट्या दीपगृहाचा काय उपयोग? ते काय, चारी बाजूंनी दिसतं. जयगडाकडनं येताना दिसतं, पूर्णगडाकडनं येताना पण दिसतं. त्याच्याकडं बघत बसलीस तर बोट कुठं वाहून गेली ते कळणार पण नाय. त्याच्या मागं काय हाय ते बघायचं. मागं डोंगरावर, सड्याच्या सपाटीवर वड होता. दीपगृहाच्या नेमका मागं वड येऊन बसला, की तू रेषेवर आलीस. मग ती रेष सोडायची नाय, हळूहळू मागं मागं जायचं. खडप लागतंच."

"वड वादळात पडला ना?"

"पडला. आठ दिवस तांडेल कुणाशी बोलला नाय. नवव्या दिवशी म्हणाला, वडाच्या दोन हात उजवीकडं मोबाईलचा टावर हाय, चला." त्यांनी तंबाखू मळायला घेतली. "सपनाचं पण तो तसंच सांगायचा आमाला. बोटीवर झोपून उठला की पडून ऱ्हायचा, डोळे मिटून. आमी म्हणायचो, मेला काय हा? मंग दोन वस्तू सांगायचा. एक जवळची, एक तिच्या मागची. म्हणायचा, आता हललो तरी चालंल."

"आणि तू," पडद्यामागून अम्मी म्हणाली, "नुसती त्यांच्या तोंडाकडं बघतेस."

केरूकाका गेल्यावर मी माळ्यावरची जुनी कॅलेंडरं काढली. अम्मीने अकरा वर्षांची ठेवली होती. त्याआधीची पानं फडताळात डब्यांखाली अंथरलेली निघाली. मी हळदीचा डबा उचलला आणि खाली मार्च दोन हजार नऊ होता. 'घंटा, ओली वाळू.' 'मावशीचा हात, बोगदा.' 'गिलास, मागे बैल.' सगळीकडे तेच होतं, जवळची एक गोष्ट आणि तिच्या पलीकडची एक. इतकी वर्षं मी ते शब्द डोळ्यांखालून घातले होते आणि मला ती फक्त विसरभोळ्या माणसाने केलेली नोंद वाटली होती. त्या दोन शब्दांवरून मला एकही स्वप्न उभं करता येईना. यायचं कारणही नव्हतं. खुणा त्याच्याच कामाच्या, जो तिथे जाऊन आला आहे. पण चौथी शिकलेल्या माणसाने हातातल्या कामातून ही रीत स्वतःच शोधली, रोज वापरली, आणि तिचा कुठे गाजावाजा केला नाही. मी आणलेल्या सहा पुस्तकांत 'हलू नका' होतं. 'त्याच्या मागे काय आहे ते बघा' कुठेच नव्हतं.

मी वही उशाखालून काढून कपाटात ठेवली.

रीत कळणं आणि जमणं यात बरंच अंतर निघालं. पहिल्या दिवशी जाग आली आणि सवयीने हात उशाकडे गेला, संपलं. दुसऱ्या दिवशी न हलता पडून राहिले, पण पुन्हा त्यांचाच चेहरा धरायला गेले आणि तो विरघळला. चेहऱ्यावरून नजर काढायची म्हणजे मला त्यांना सोडून दिल्यासारखं वाटायचं. रोज पहाटे तीच एक गोष्ट जमत नव्हती. आठव्या दिवशी नुसती एक ताडपत्री हाती लागली. त्याच दिवशी चहा गाळताना अम्मी सहज म्हणाली, "ते पण पहिल्या पहिल्यांदा नुसती दोरी आणायचे," आणि मला कळलं की त्यांनाही हे शिकावं लागलं होतं.

मग एका शुक्रवारी जाग आली ती एका आवाजावर. धप्प. मी डोळे उघडले नाहीत. गालावर डास बसला होता, त्याला बसू दिला. आवाज शिक्क्याचा होता, पुस्तकावर तारखेचा शिक्का मारतात त्याचा. शिक्का माझ्या हातात होता. हाताच्या पुढे काउंटर. काउंटरच्या पलीकडे ते होते हे मला माहीत होतं, आणि सगळं अंग त्यांच्या चेहऱ्याकडे धावत होतं. मी नजर खाली नेली. त्यांचे पाय ओले होते. मग त्यांच्या पाठीमागे बघितलं. ग्रंथालयाची खिडकी, जिच्यातून एरवी स्कूटर लावायची जागा दिसते. तिच्यात समुद्र होता, काठोकाठ.

ओले पाय, खिडकी. मी दोन्ही एका रेषेत धरले आणि हळूहळू मागे गेले.

अम्मी पाटावर बसली होती. समोरचा पाट अजूनही तिथेच असतो, कुणी उचललेला नाही. मी त्यावर बसले. तिने दुसरा कप काढला.

"शेवटी मी पुस्तकावर शिक्का मारला," मी म्हणाले.

तिचा हात किटलीवर थांबला. मग ती चहा ओतू लागली. "आणि त्याआधी?"

"त्याआधी ते काउंटरपाशी उभे होते. पाय ओले. मागे खिडकीत समुद्र होता. त्यांना एक पुस्तक न्यायचं होतं."

"आणि त्याआधी?"

मला ते सांगायचं नव्हतं. "त्याआधी मी त्यांना ओरडले. लादी ओली केली म्हणून. चपला बाहेर काढून पाय पुसून या, म्हणाले. लोकांसमोर."

"ऐकलं त्यांनी?"

"नाही. तसेच उभे राहिले. म्हणाले, पुस्तक दे, मग जातो." बोलताना माझ्या लक्षात आलं की आवाज त्यांचाच होता, 'जातो'मधला तो खालचा सूर. तो होता अजून.

"कधी ऐकलंय त्यांनी," अम्मी म्हणाली. "आणि त्याआधी?"

"त्याआधी धुकं आहे."

तिने मान हलवली. खारीची बशी माझ्याकडे सरकवली. मी कॅलेंडरपाशी गेले आणि त्या शुक्रवारच्या चौकोनात लिहिलं. माझं अक्षर त्यांच्यापेक्षा बारीक आहे, दोन शब्द मावून जागा उरली. मागे वळले तर अम्मी माझ्याकडे नाही, फेब्रुवारीचं पान ज्या खिळ्याखाली दुमडलं होतं तिकडे बघत होती.

"शेवटी कोंबडी शिडीच्या टोकावर बसली होती," ती म्हणाली. "खाली यायला तयार नाय."

मी पुन्हा पाटावर बसले. "आणि त्याआधी?"

"त्याआधी हे खाली शिडी धरून उभे. हात भरून आले, पण सोडायची कशी? वर कोंबडी."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी शिडी मागत साऱ्या मोहल्ल्यात फिरले. कुणी देईना. शेवटी केरूभाऊने दिली, ती पण मोडकी." ती हसली, चार महिन्यांत पहिल्यांदा, आणि लगेच पदराने तोंड पुसलं.

"आणि त्याआधी?"

"त्याआधी तू अंगणात उभी राहून रडत होतीस. कोंबडी तुझी होती. सहा-सात वर्षांची असशील, म्हणाले."