‘चालेल’वाले काका

हे गृहस्थ लिफ्ट इन्स्पेक्टर होते. इमारतींच्या लिफ्ट तपासायच्या, दोर ओढून बघायचे, ब्रेक मारून बघायचा, खालच्या खड्ड्यात उतरून टॉर्च फिरवायचा आणि बाहेर येऊन दोन शब्दांपैकी एक शब्द उच्चारायचा: ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’. बिल्डर लोक बिस्किटांच्या बशा पुढे करत, मुलाबाळांची चौकशी करत. इन्स्पेक्टर बिस्कीट खात नसत आणि शब्दही बदलत नसत. निवृत्तीच्या समारंभात वरिष्ठांनी त्यांची पाऊण तास स्तुती केली. उत्तराला उभे राहिल्यावर त्यांनी सभागृहाच्या पंख्याकडे बघून तो ‘चालणार नाही’ असं सांगितलं आणि खाली बसले.

घरीही तोच कारभार होता. बायको कपडे दुरुस्तीचं दुकान चालवायची आणि दुकान सांभाळून स्वयंपाक करायची. जेवण आवडलं की नवरा ‘चालेल’ म्हणायचा. तक्रार करण्यात अर्थ नाही हे तिला लवकर कळलं, मग तिने त्या एका शब्दातलेच बारकावे ओळखायला सुरुवात केली. पाणी पिऊन झाल्यावर आलेला ‘चालेल’ म्हणजे जेमतेम पास. घास तोंडात असताना आलेला म्हणजे आवडलं. आणि आदल्या दिवशीच्या भाताचा ती बेकन घालून फ्राइड राइस करायची, तेव्हा पहिला घास गिळायच्या आतच तो शब्द यायचा, तोही जरा घोगऱ्या आवाजात. त्या एका आवाजावर ती पुढचा आठवडाभर खुशीत शिलाई मशीन चालवायची. हे तिने कोणालाच कधी सांगितलं नव्हतं.

मुलाचं लग्न झालं आणि घरात सून आली. सून स्वयंपाकाचे व्हिडिओ करायची. तिच्या चॅनेलचं नाव होतं ‘आमच्या घरचं, अगदी साधं’. साधेपणासाठी तीन दिवे, त्यांचा उजेड पसरवणारी पांढरी छत्री आणि मुद्दाम ओरखडे पाडून घेतलेलं एक टेबल लागायचं. वाफ दिसावी म्हणून वाडग्यामागे गरम पाण्यात भिजवलेला कापूस ठेवायचा. मटारचे दाणे चिमट्याने जागच्या जागी बसवायचे. मग सगळ्यांनी टेबलाभोवती बसून काटे उचलायचे, हसायचं आणि खायचं मात्र नाही, कारण घास घेतला की रचना बिघडते. चित्रीकरण संपेपर्यंत अन्न गारढोण व्हायचं आणि घरातले लोक ओट्याशी उभे राहून ब्रेड-बटर खायचे. मुलगा दातांचा डॉक्टर होता. सतत हसून त्याचाच जबडा दुखायला लागला होता.

एका रविवारी सुनेने सासूला गळ घातली, की आई, आज तुमचा बेकन फ्राइड राइस करू या. सासू हरखली. तिने तो नेहमीसारखा केला. सुनेने वरून ब्रशने तेल लावलं, बेकनचे तुकडे उलटसुलट करून चकाकणारी बाजू वर आणली आणि काटे उचला म्हणाली. काटे वर गेले. इन्स्पेक्टर सकाळपासून उपाशी होते. बेकनचा वास नाकात गेला आणि त्यांचा काटा सरळ वाडग्यात शिरला. सून थांबा थांबा म्हणेपर्यंत घास तोंडात होता. त्यांनी कॅमेऱ्याकडे बिल्डरकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाले, “चालेल.”

सुनेने आधी कपाळाला हात लावला, मग तेवढाच तुकडा कापून चॅनेलवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो लोकांनी डोक्यावर घेतला. किती अस्सल माणूस, किती निरागस, असं जो तो लिहू लागला. इन्स्पेक्टरांचं नाव पडलं ‘चालेल’वाले काका.

आता दर रविवारी त्यांनी अस्सल व्हायचं ठरलं. पहिल्या वेळी त्यांना जमेना. तोच शब्द, तेच तोंड, पण सून म्हणायची, बाबा, अजून थोडं सहज. सहजपणा बसायला बरेच दिवस लागले. डावी बाजू जास्त छान दिसते हे सुनेने दाखवून दिल्यावर ते घासागणिक हनुवटी डावीकडे उचलू लागले. केस कापायला नव्या ठिकाणी जाऊ लागले. बागेत फिरताना कोणी ओळखलं नाही, तर पुन्हा एक फेरी मारायचे.

मग कंपन्या आल्या. एका सॉसवाल्यांनी बाटली पाठवली. काकांनी झाकण न उघडता ‘चालेल’ म्हटलं. पुढे फ्राइंग पॅन आला, मग गादी आली. गादीवर ते बूट घालूनच बसले होते, कारण झोपायचं चित्रण त्यात नव्हतं. ज्या हाताने त्यांनी जन्मभर दोर ओढून बघितले, तो हात आता फक्त केस नीट करायला वर जायचा. शेवटी एक लिफ्ट बनवणारी कंपनी आली. स्टुडिओत पुठ्ठ्याची लिफ्ट उभी केली होती, दारं रंगवलेली, बटणं चिकटवलेली. काका आत उभे राहिले, हनुवटी डावीकडे उचलली आणि तो शब्द म्हणाले. पुठ्ठा जरा हलला, तो मागून एकाने धरून ठेवला.

बायकोने ही जाहिरात दुकानात मोबाइलवर बघितली. एका गिऱ्हाइकाची पँट मशीनखाली तशीच राहिली. गिऱ्हाईक बाई म्हणाली, तुमचे मिस्टर किती गोड आहेत हो. तिने मान हलवली आणि दुकान लवकर बंद केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात दोघंच होती. सून आतल्या खोलीत व्हिडिओ कापत बसली होती, मुलगा दवाखान्यात होता. बायकोने फ्रिजमधला शिळा भात काढला, हात ओला करून गाठी मोकळ्या केल्या. बेकन, अंडी, गाजर, कांद्याची पात असं सगळं नेहमीसारखं घातलं. वाफाळतं ताट नवऱ्यापुढे ठेवलं आणि ती समोर बसली.

नवऱ्याने घास घेतला. हनुवटी डावीकडे गेली. डावीकडे नुसता फ्रिज होता. त्याच्याकडे बघून ते म्हणाले, “चालेल.”

बायकोने शांतपणे ताट उचललं आणि स्वतःपुढे घेतलं.

“काय गं? काय झालं?”

“गादीलाही तुम्ही हेच म्हणालात,” ती म्हणाली. “पुठ्ठ्यालाही.”

 पुठ्ठ्याचं बोलणं इन्स्पेक्टरांना लागलं असावं, कारण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी ‘मस्त’ म्हणून बघितलं. बायको म्हणाली, तो सुनेचा शब्द आहे. ‘उत्तम’ म्हटल्यावर तिने वरही बघितलं नाही. मग मात्र ते चिडले आणि म्हणाले, की पुन्हा एक घास घेतल्याशिवाय, नीट तपासल्याशिवाय कसं सांगणार?

“करून बघा,” ती म्हणाली. “भात आहे अजून. बेकनही आहे.”

रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते करतो. इन्स्पेक्टरांनी गॅस पेटवला. दुसरी कढई धूर येईपर्यंत तापवली, तेल ओतलं आणि बेकनच्या पट्ट्या सोडल्या. त्या आखडल्या, काळ्या पडल्या आणि स्वयंपाकघर धुराने भरलं. बायको ताटातलं निवांत खात होती. नवऱ्याने खिडकी उघडली, कढई घासली आणि पाठमोऱ्यानेच विचारलं, की गॅस मोठा ठेवायचा की बारीक?

“थंड कढईत ठेवायच्या पट्ट्या. मग बारीक गॅस. तेल नको, चरबी आपली आपणच सुटते.”

इन्स्पेक्टर कढईवर वाकून उभे राहिले. बराच वेळ काहीच होईना. मग पट्ट्यांच्या कडा पारदर्शक झाल्या, चरबी हळूहळू सुटू लागली, कढईभर बारीक तडतड सुरू झाली. खड्ड्यात टॉर्च मारताना असायचा तसा त्यांचा चेहरा झाला होता. पण पुढे अंड्याचं कवच आत पडलं, भाताच्या गाठी तशाच राहिल्या आणि सॉस ओतून झाल्यावर त्यांनी वर चमचाभर मीठही घातलं. घास घेतला आणि ठसका लागला. बायकोने पाण्याचा पेला सरकवला.

पाणी पिऊन त्यांनी कढईतला भात चमच्याने खालीवर केला.

“तू मीठ घालतच नाहीस ना यात?”

“बेकन खारट, सॉस खारट. कशाला घालू?”

“मला वाटायचं,” ते म्हणाले, “ते आपोआप बरोबर होतं.”

बायको हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि ते धुराने झालं असं सांगितलं. इतक्या वर्षांत त्याने तिच्या हाताच्या चवीबद्दल बोललेलं हे पहिलं पूर्ण वाक्य होतं.

तेवढ्यात दारात सून. करपल्याच्या वासाने आली होती, पण ते वाक्य तिने ऐकलं होतं. डोळे चमकत होते. “बाबा, फक्त ते आपोआपवालं परत म्हणाल? मी दिवा आणते.”

इन्स्पेक्टरांचा हात आपसूक केसांकडे गेला. अर्ध्यावर थांबला.

“नाही,” ते म्हणाले.

सून पेचात पडली. सासूने तिला काही समजावलं नाही. तिने आपल्या कढईत झाकून ठेवलेला चांगला भात वाडग्यात काढला, स्टूल पुढे सरकवलं आणि खा म्हणाली. सुनेने एक घास घेतला, मग दुसरा. या घरात आल्यापासून तिने गरम जेवण जेवल्याचं कोणाला आठवत नव्हतं. मोबाइल ओट्यावर पडून राहिला. त्या कढईच्या बुडाला लागलेली कुरकुरीत खरवड कोणी घ्यायची यावरून सासू-सुनेची थोडी बाचाबाचीही झाली.

संध्याकाळी इन्स्पेक्टरांनी लिफ्टवाल्यांना फोन करून सांगितलं, की लिफ्ट दाखवा, मी खड्ड्यात उतरून बघतो, मगच ती जाहिरात चालू ठेवा. पलीकडचा माणूस फार आदराने बोलला. काकांचा प्रामाणिकपणा ऐकून आम्ही भारावलो आहोत, असं तो म्हणाला. दोनच दिवसांत कंपनीने नवी जाहिरात काढली. त्याच पुठ्ठ्याच्या लिफ्टमध्ये एक निवृत्त न्यायाधीश उभे होते आणि ‘मान्य’ म्हणत होते.